अणुकक्षक

अणुकक्षक म्हणजे अणूतील इलेक्ट्रॉनच्या स्थितीचे वर्णन करणारे तरंगफलन होय. अणुकेंद्राभोवतालच्या कोणत्या भागात इलेक्ट्रॉन आढळण्याची शक्यता किती आहे, हे या फलनावरून काढता येते. एका कक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन राहू शकतात. एकाच कवचातील, समान कोनीय संवेग असलेल्या कक्षकांच्या गटास उपपातळी किंवा उपकवच म्हणतात. उपपातळ्या एस, पी, डी आणि एफ या अक्षरांनी ओळखल्या जातात.

माध्यमिक शाळेत के, एल, एम, एन ही कवचे आणि त्यांची अनुक्रमे २, ८, १८ व ३२ इलेक्ट्रॉनांची धारणक्षमता शिकवली जाते. या मांडणीत एक प्रश्न अनुत्तरित राहतो. पोटॅशिअमच्या अणूत १९ इलेक्ट्रॉन असतात आणि त्याचे संरूपण २, ८, ८, १ असे लिहिले जाते. तिसऱ्या कवचात १८ इलेक्ट्रॉन मावत असताना एकोणिसावा इलेक्ट्रॉन चौथ्या कवचात का जातो, याचे उत्तर केवळ कवचांच्या आधारे देता येत नाही. ते उपपातळ्यांमध्ये दडलेले आहे. ज्योतीत मीठ पडताच दिसणारा पिवळा रंग, सोन्याची पिवळी झाक आणि आवर्तसारणीची रचना यांचा उलगडाही उपपातळ्यांवरूनच होतो.

## संज्ञा

मराठीत 'ऑर्बिट' या शब्दासाठी 'कक्षा' आणि 'ऑर्बिटल' या शब्दासाठी 'कक्षक' ही संज्ञा वापरली जाते. दोन शब्दांत एकाच अक्षराचा भेद असला, तरी त्यांमागील कल्पना मूलतः भिन्न आहेत. कक्षा हा ठरावीक मार्ग असतो. ग्रह कक्षेतून फिरत असल्याने त्याचे पुढील वर्षीचे स्थान पंचांगात आगाऊ देता येते. इलेक्ट्रॉनचे असे पंचांग मांडता येत नाही. वेर्नर हायझेनबर्ग यांनी १९२७ मध्ये मांडलेल्या अनिश्चितता तत्त्वानुसार इलेक्ट्रॉनचे स्थान आणि संवेग ही दोन्ही एकाच वेळी हव्या तितक्या अचूकपणे निश्चित नसतात. त्यामुळे त्याच्या 'मार्गा'ला अर्थच उरत नाही. उरते ती केवळ संभाव्यतेची वाटणी, आणि ती कक्षकावरून कळते. हा भेद दाखविण्यासाठीच अमेरिकन शास्त्रज्ञ रॉबर्ट मलिकन यांनी १९३२ मध्ये 'ऑर्बिटल' हा शब्द रूढ केला.

एस, पी, डी आणि एफ ही अक्षरे शार्प, प्रिन्सिपल, डिफ्यूज आणि फंडामेंटल या शब्दांची आद्याक्षरे आहेत. मराठीत त्यांचा अर्थ अनुक्रमे रेखीव, प्रमुख, विसरित आणि मूलभूत असा होतो. ही नावे कक्षकांच्या आकारांवरून पडलेली नसून, अणूंच्या वर्णपटात दिसणाऱ्या रेषांच्या मालिकांवरून पडली आहेत. कक्षकाची कल्पना जन्मास येण्यापूर्वी कित्येक वर्षे ही अक्षरे वर्णपटशास्त्रात वापरात होती.

## इतिहास

### वर्णपटरेषा आणि १८६८ चे सूर्यग्रहण

योझेफ फ्राउनहोफर यांनी १८१४ मध्ये सूर्याच्या वर्णपटातील काळ्या रेषांचा अभ्यास करून ठळक रेषांना अक्षरे दिली. पिवळ्या भागातील ठळक रेषेस त्यांनी डी हे अक्षर दिले. हे अक्षर आणि डी उपपातळीचे अक्षर यांचा परस्परांशी संबंध नाही. ही रेषा सोडिअमची असल्याचे गुस्टाफ किर्खहोफ आणि रॉबर्ट बुन्सेन यांच्या १८५९-६० मधील संशोधनातून स्पष्ट झाले. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषांचा संच वेगळा असतो आणि त्यावरून मूलद्रव्य ओळखता येते, हे तत्त्व त्याच वेळी प्रस्थापित झाले.

या तत्त्वाची कसोटी १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणाच्या वेळी भारतात लागली. या ग्रहणासाठी लंडनच्या रॉयल सोसायटीच्या वतीने लेफ्टनंट जॉन हर्षेल यांनी जमखंडी येथे वेध घेतले. ते खगोलशास्त्रज्ञ विल्यम हर्षेल यांचे नातू होत. जमखंडी हे तेव्हा पटवर्धन घराण्याचे संस्थान होते. आज ते कर्नाटकाच्या बागलकोट जिल्ह्यात आहे. सूर्यबिंबाच्या कडेवरून झेपावणाऱ्या ज्वालांच्या प्रकाशात हर्षेल यांना तांबडी, नारिंगी आणि निळी अशा तेजस्वी रेषा दिसल्या. त्यांपैकी नारिंगी रेषा त्यांना सोडिअमच्या डी रेषेच्या जागीच असल्यासारखी वाटली. फ्रेंच शास्त्रज्ञ प्येर जान्सेन यांनी हेच ग्रहण गुंटूर येथून पाहिले आणि ग्रहण नसतानाही या तेजस्वी रेषा पाहता येतात, हे दुसऱ्याच दिवशी दाखवून दिले.

इंग्लंडमध्ये नॉर्मन लॉकियर यांनी २० ऑक्टोबर १८६८ रोजी ग्रहण नसताना त्याच ज्वालांचा वर्णपट स्वतंत्रपणे मिळवला. पिवळी रेषा सोडिअमच्या जोडरेषेशी तंतोतंत जुळत नाही, हे त्यांच्या निरीक्षणांतून पुढे आले. या रेषेस डी-३ असे नाव मिळाले आणि ती ज्या अज्ञात मूलद्रव्याची मानली गेली, त्यास सूर्याच्या ग्रीक नावावरून हेलिअम म्हटले गेले. विल्यम रॅम्झी यांनी १८९५ मध्ये युरेनिअमयुक्त खनिजातून हेलिअम वायू पृथ्वीवरच वेगळा केला, तेव्हा त्याच्या अस्तित्वाविषयीचा संशय फिटला.

### विजयदुर्ग आणि १८९८ चे ग्रहण

लॉकियर यांनी १८६८ मध्ये सिंधुदुर्ग जिल्ह्यातील विजयदुर्ग किल्ल्यावरून हेलिअमचा शोध लावला, असे कोकणात सांगितले जाते आणि १८ ऑगस्ट हा दिवस तेथे हेलिअम दिवस म्हणून साजरा होतो. लॉकियर यांचे १८६८ मधील निरीक्षण मात्र इंग्लंडमधील आहे. विजयदुर्गास ते २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास ग्रहणासाठी आले होते आणि तेथे त्यांनी वेधशिबिर उभारले होते. याच ग्रहणाचे वेध पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नेगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून घेतले. त्या वेळी हेलिअम प्रयोगशाळेत मिळून तीन वर्षे झाली होती. विजयदुर्गाचा हेलिअमच्या इतिहासाशी असलेला संबंध खरा आहे, परंतु तो शोधाचा नसून तीस वर्षांनंतरच्या अभ्यासाचा आहे.

दोन भिन्न मूलद्रव्यांच्या रेषा एकमेकींच्या इतक्या जवळ का याव्यात, आणि रेषा मुळात का उमटाव्यात, याचे उत्तर एकोणिसाव्या शतकात कोणापाशीही नव्हते.

### बोर ते श्रोडिंगर

नील्स बोर यांनी १९१३ मध्ये इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जेच्या कक्षांतूनच फिरतो असे गृहीत धरून हायड्रोजनच्या वर्णपटरेषांचे स्पष्टीकरण दिले. आर्नोल्ड सॉमरफेल्ड यांनी १९१५-१६ मध्ये वर्तुळाकार कक्षांबरोबर लंबवर्तुळाकार कक्षांची भर घातली आणि त्यासाठी दुसरा पुंजांक वापरला. तथापि, एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असलेल्या अणूंना ही मांडणी पुरी पडली नाही.

लुई द ब्रॉय यांनी १९२४ मध्ये इलेक्ट्रॉनला तरंगाचेही गुणधर्म असल्याचे सुचविले. एर्विन श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये या तरंगाचे समीकरण मांडले. त्याच वर्षी माक्स बोर्न यांनी तरंगफलनाच्या वर्गाचा अर्थ संभाव्यता असा लावला. हायड्रोजनच्या अणूसाठी श्रोडिंगर समीकरणाची जी उत्तरे मिळतात, तीच अणुकक्षके होत.

## पुंजांक

प्रत्येक कक्षक तीन पूर्णांकांनी निश्चित होते. त्यांना पुंजांक म्हणतात.

* मुख्य पुंजांक १, २, ३, ४ असा वाढत जातो. तो कवच दर्शवितो. त्यावरून कक्षकाचे आकारमान आणि बहुतांशी ऊर्जा ठरते.
* कोनीय पुंजांक शून्यापासून सुरू होतो आणि मुख्य पुंजांकाहून एकने कमी असलेल्या संख्येपर्यंत जातो. तो उपपातळी दर्शवितो. म्हणून पहिल्या कवचात एकच उपपातळी असते, दुसऱ्यात दोन, तिसऱ्यात तीन आणि चौथ्यात चार.
* चुंबकी पुंजांक कक्षकाची अवकाशातील दिशा दर्शवितो. त्याच्या शक्य मूल्यांइतकी कक्षके त्या उपपातळीत असतात.

कक्षकातील इलेक्ट्रॉनला याशिवाय परिवलन पुंजांक असतो. त्याची मूल्ये अधिक अर्धा आणि उणे अर्धा अशी दोनच असतात.

| उपपातळी | कोनीय पुंजांक | कक्षकांची संख्या | कमाल इलेक्ट्रॉन | प्रथम कोणत्या कवचात |
|---|---|---|---|---|
| एस | ० | १ | २ | पहिल्या |
| पी | १ | ३ | ६ | दुसऱ्या |
| डी | २ | ५ | १० | तिसऱ्या |
| एफ | ३ | ७ | १४ | चौथ्या |

शाळेत पाठ केलेल्या २, ८, १८, ३२ या संख्या या सारणीवरून आपोआप मिळतात. दुसऱ्या कवचाचे ८ म्हणजे २ अधिक ६. तिसऱ्याचे १८ म्हणजे २ अधिक ६ अधिक १०. आणि चौथ्याचे ३२ म्हणजे २, ६, १० व १४ यांची बेरीज.

उपपातळी लिहिताना आधी मुख्य पुंजांक आणि मग अक्षर लिहितात. ३पी म्हणजे तिसऱ्या कवचातील पी उपपातळी. या लेखात त्यापुढील कंसात इलेक्ट्रॉनांची संख्या दिली आहे. सोडिअमच्या ११ इलेक्ट्रॉनांचे संरूपण त्यानुसार १एस(२) २एस(२) २पी(६) ३एस(१) असे होते.

## कक्षकांचे आकार

एस कक्षक गोलाकार असते. हायड्रोजनच्या १एस कक्षकातील इलेक्ट्रॉन अणुकेंद्रापासून सुमारे ०.०५३ नॅनोमीटर अंतरावर आढळण्याची शक्यता सर्वांत अधिक असते. बोर यांच्या पहिल्या कक्षेची त्रिज्याही तेवढीच होती. परंतु इलेक्ट्रॉन त्या अंतराच्या आत किंवा बाहेरही आढळू शकतो. तो सापडण्याची शक्यता ९० टक्के व्हावी, यासाठी सुमारे ०.१४ नॅनोमीटर त्रिज्येचा गोल घ्यावा लागतो. पुस्तकांत कक्षकाची जी बाह्यरेखा काढलेली असते, ती बहुधा अशा एखाद्या टक्केवारीची सीमा असते. तेथे कोणतेही कवच किंवा भिंत नसते.

पी उपपातळीत डंबेलच्या आकाराची तीन कक्षके परस्परांशी काटकोनात असतात. प्रत्येकाचे दोन भाग अणुकेंद्राच्या दोन बाजूंस असतात आणि मधल्या प्रतलात इलेक्ट्रॉन आढळण्याची शक्यता शून्य असते. डी उपपातळीतील पाचपैकी चार कक्षके चार पाकळ्यांच्या फुलासारखी रेखाटली जातात. पाचवे डंबेलसारखे असून त्याच्या मध्याभोवती कडे असते. एफ उपपातळीतील सात कक्षकांचे आकार आणखी गुंतागुंतीचे असतात.

ज्या पृष्ठभागांवर संभाव्यता शून्य असते, त्यांना निस्पंद पृष्ठे म्हणतात. त्यांची कल्पना येण्यासाठी तबल्याच्या पुडीचे उदाहरण उपयोगी पडते. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी भारतीय चर्मवाद्यांचा अभ्यास करताना पुडीवर बारीक वाळू टाकून तिची कंपने पाहिली. पुडीचा जो भाग स्थिर राहतो तेथे वाळू गोळा होते. या स्थिर रेषा दोन प्रकारच्या असतात : मध्याभोवतालची वर्तुळे आणि मध्यातून जाणारे व्यास. कक्षकातील निस्पंद पृष्ठांचेही असेच दोन प्रकार पडतात : अणुकेंद्राभोवतालचे गोल आणि अणुकेंद्रातून जाणारी पृष्ठे. दुसऱ्या प्रकारच्या पृष्ठांची संख्या म्हणजेच कोनीय पुंजांक होय, आणि दोन्ही प्रकारांची एकत्रित संख्या मुख्य पुंजांकाहून एकने कमी असते. त्यामुळे २एस कक्षकात एक निस्पंद गोल असतो आणि २पी कक्षकात एक निस्पंद प्रतल. पुडीचे कंपन सपाट पृष्ठभागावर होते, तर इलेक्ट्रॉनचा तरंग तिन्ही दिशांत पसरलेला असतो. एवढा भेद ध्यानात ठेवावा लागतो.

## उपपातळ्यांची ऊर्जा

हायड्रोजनमध्ये एकच इलेक्ट्रॉन असल्याने एका कवचातील सर्व उपपातळ्यांची ऊर्जा जवळजवळ समान असते. इतर अणूंत तसे नसते. सोडिअमच्या सर्वांत बाहेरच्या इलेक्ट्रॉनला तिसऱ्या कवचाच्या वेगवेगळ्या उपपातळ्यांतून मुक्त करण्यासाठी लागणारी ऊर्जा पुढे दिली आहे. एका इलेक्ट्रॉनने एक व्होल्ट विभवांतर ओलांडले असता त्यास मिळणारी ऊर्जा म्हणजे एक इलेक्ट्रॉनव्होल्ट.

| उपपातळी | सोडिअम (इलेक्ट्रॉनव्होल्ट) | हायड्रोजन (इलेक्ट्रॉनव्होल्ट) |
|---|---|---|
| ३एस | ५.१४ | १.५१ |
| ३पी | ३.०३ | १.५१ |
| ३डी | १.५२ | १.५१ |

सोडिअमच्या अणुकेंद्रावर ११ धनप्रभार असतात, परंतु आतील १० इलेक्ट्रॉन त्यांपैकी १० प्रभारांचे आकर्षण जवळजवळ झाकून टाकतात. यास आवरण परिणाम म्हणतात. ३डी कक्षकातील इलेक्ट्रॉन अणुकेंद्राजवळ क्वचितच आढळतो. त्याला जणू एकाच प्रभाराचे आकर्षण जाणवते, आणि म्हणून त्याची ऊर्जा हायड्रोजनमधील इलेक्ट्रॉनइतकीच येते. ३एस कक्षकाचा काही भाग मात्र आतील इलेक्ट्रॉनांच्या पडद्यापलीकडे, थेट अणुकेंद्रापर्यंत पोहोचतो. तेथे त्या इलेक्ट्रॉनला अधिक आकर्षण जाणवते आणि तो घट्ट बांधला जातो. ३पी उपपातळीची स्थिती या दोहोंच्या मधली असते.

प्रारंभी उल्लेखिलेल्या पोटॅशिअमच्या प्रश्नाचे उत्तर हेच आहे. तिसऱ्या कवचात जागा शिल्लक असते, परंतु ती ३डी उपपातळीत असते. ४एस कक्षकाचा विस्तार मोठा असला, तरी त्याचा थोडा भाग अणुकेंद्रापर्यंत पोहोचत असल्याने पोटॅशिअमच्या अणूत ४एसची ऊर्जा ३डीहून कमी ठरते. म्हणून एकोणिसावा इलेक्ट्रॉन ४एसमध्ये जातो.

## इलेक्ट्रॉन भरण्याचे नियम

१. चढत्या ऊर्जेचा नियम. इलेक्ट्रॉन आधी कमी ऊर्जेच्या उपपातळीत जातात. सर्वसाधारण क्रम १एस, २एस, २पी, ३एस, ३पी, ४एस, ३डी, ४पी, ५एस, ४डी, ५पी, ६एस, ४एफ, ५डी, ६पी, ७एस, ५एफ, ६डी, ७पी असा आहे. मुख्य व कोनीय पुंजांकांची बेरीज ज्या उपपातळीसाठी कमी, ती आधी भरते. बेरीज समान असल्यास लहान मुख्य पुंजांकाची उपपातळी आधी भरते.

२. पाउली यांचे वर्जन तत्त्व. वोल्फगांग पाउली यांनी १९२५ मध्ये मांडलेल्या या तत्त्वानुसार एका अणूतील कोणत्याही दोन इलेक्ट्रॉनांचे चारही पुंजांक सारखे असू शकत नाहीत. त्यामुळे एका कक्षकात विरुद्ध परिवलनाचे दोनच इलेक्ट्रॉन मावतात.

३. हुंड यांचा नियम. समान ऊर्जेची अनेक कक्षके उपलब्ध असल्यास इलेक्ट्रॉन आधी प्रत्येकात एकेक आणि समान परिवलनाने जातात. जोड्या त्यानंतर जुळतात. बसमध्ये चढलेले अनोळखी प्रवासी दोघांच्या बाकांवर आधी एकेकटे बसतात आणि रिकामे बाक संपल्यावरच दुसऱ्याच्या शेजारी बसतात, त्यासारखाच हा क्रम आहे. नायट्रोजनच्या २पी उपपातळीतील तीन इलेक्ट्रॉन याच कारणाने तीन वेगवेगळ्या कक्षकांत असतात.

वरील क्रमास अपवाद आहेत. क्रोमिअमचे बाह्य संरूपण ३डी(४) ४एस(२) असे न होता ३डी(५) ४एस(१) होते आणि तांब्याचे ३डी(१०) ४एस(१) होते. उपपातळ्यांचा क्रम सर्व अणूंत कायम राहतो असेही नाही. लोखंडाच्या अणूत ३डी(६) ४एस(२) असे संरूपण असते, परंतु त्याचा आयन बनताना आधी ४एसमधील दोन इलेक्ट्रॉन निघून जातात. अणुकेंद्रावरील प्रभार वाढत जातो तशी ३डी उपपातळी खाली सरकत गेलेली असते, हे त्याचे कारण आहे.

## दोन पिवळ्या रेषांचे स्पष्टीकरण

इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या उपपातळीतून कमी ऊर्जेच्या उपपातळीत येतो, तेव्हा ऊर्जेतील फरक प्रकाशाच्या रूपाने बाहेर पडतो. प्रत्येक उडी सारखीच संभवनीय नसते. ठळक रेषा देणाऱ्या उडीत कोनीय पुंजांक एकने बदलतो. एसमधून पीमध्ये, पीमधून एस किंवा डीमध्ये, अशा उड्या होतात. जुन्या रेषामालिकांचा अर्थ या नियमामुळे उलगडला. पी उपपातळ्यांमधून सर्वांत खालच्या एसमध्ये होणाऱ्या उड्यांची मालिका ती प्रमुख मालिका. डीमधून पीमध्ये होणाऱ्या उड्यांची ती विसरित मालिका.

सोडिअमची पिवळी रेषा ३पीमधून ३एसमध्ये येणाऱ्या इलेक्ट्रॉनची आहे. ती प्रमुख मालिकेतील पहिली रेषा होय. इलेक्ट्रॉनच्या परिवलनामुळे ३पी उपपातळी दोन किंचित भिन्न ऊर्जांत विभागलेली असते आणि म्हणून ही रेषा ५८९.० व ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या जोडीने दिसते. हेलिअमची डी-३ रेषा ५८७.६ नॅनोमीटरची आहे. हेलिअमच्या उत्तेजित अणूत एक इलेक्ट्रॉन १एसमध्ये राहतो आणि दुसरा ३डीमधून २पीमध्ये येतो. त्या उडीतून ही रेषा निर्माण होते. ती विसरित मालिकेतील आहे.

जमखंडीच्या माळावर एकच वाटलेला रंग असा दोन भिन्न प्रकारच्या उड्यांतून आला होता. दोहोंतील ऊर्जाफरक २.१० व २.११ इलेक्ट्रॉनव्होल्ट इतके जवळ यावेत, हा केवळ योगायोग होय.

सोडिअम सहज ओळखता आले आणि हेलिअम इतकी वर्षे लपून राहिले, यामागेही उपपातळ्याच आहेत. सोडिअमचा इलेक्ट्रॉन ३एसमधून ३पीमध्ये नेण्यास लागणारी २.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जा साध्या ज्योतीतही मिळते. हेलिअमचा इलेक्ट्रॉन १एसमधून ३डीमध्ये पोहोचविण्यास सुमारे २३ इलेक्ट्रॉनव्होल्ट लागतात. हेलिअम ज्योतीत सोडले तरी रंग दिसत नाही. त्यासाठी विद्युत्‌विसर्जन किंवा सूर्याच्या वातावरणासारखी परिस्थिती लागते.

## दैनंदिन उदाहरणे

स्वयंपाकघरातील ज्योत. मीठ घातलेली आमटी किंवा भाताचे पाणी उतू जाऊन शेगडीवर सांडले, की गॅसची निळी ज्योत क्षणभर पिवळी होते. हा रंग मिठातील सोडिअमच्या ३पी ते ३एस उडीचा असतो. मुलुंड व भांडुपच्या मिठागरांतील मीठ असो वा सैंधव, रंग तोच येतो.

रस्त्यावरील दिवे. अंधेरीसह मुंबईच्या उपनगरांतील रस्त्यांवर अनेक वर्षे सोडिअम बाष्पदिव्यांचा पिवळा प्रकाश होता. त्याचा उगम याच उडीत होता. उच्च दाबाच्या दिव्यात सोडिअमचे अणू परस्परांवर आणि इतर अणूंवर सतत आदळत असल्याने रेषा रुंदावतात आणि प्रकाशास सोनेरी छटा येते. पुढे या दिव्यांची जागा पांढऱ्या एलईडी दिव्यांनी घेतली. त्या प्रकाशातही पिवळा अंश असतो, परंतु तो बहुधा सिरिअम या मूलद्रव्याचा असतो. दिव्यातील अर्धवाहक निळा प्रकाश देतो. त्यावरील लेपातील सिरिअम आयनाचा एकुलता एक ४एफ इलेक्ट्रॉन तो निळा प्रकाश शोषून ५डी उपपातळीत जातो आणि परतताना पिवळा प्रकाश देतो. निळा व पिवळा मिळून डोळ्यास पांढरा भासतो. रस्त्यावरील पिवळा रंग अशा रीतीने पी आणि एस उपपातळ्यांकडून डी आणि एफ उपपातळ्यांकडे गेला आहे.

सोने आणि चांदी. अंधेरी पूर्वेस १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ हे निर्यात क्षेत्र आरंभी इलेक्ट्रॉनिक्ससाठी होते. पुढे ते रत्ने व दागिन्यांसाठीही ओळखले जाऊ लागले. तेथे घडविल्या जाणाऱ्या सोन्याचा रंगही उपपातळ्यांमुळे आहे. सोन्याचे बाह्य संरूपण ५डी(१०) ६एस(१) आणि चांदीचे ४डी(१०) ५एस(१) असे एकाच धाटणीचे असते. चांदीत डीमधून वरच्या पातळीत जाण्यास लागणारी ऊर्जा अतिनील प्रकाशाइतकी मोठी आहे. त्यामुळे दृश्य प्रकाश जवळजवळ पूर्ण परावर्तित होतो आणि चांदी पांढरी दिसते. सोन्याच्या अणुकेंद्रावर ७९ धनप्रभार असल्याने सर्वांत आतील इलेक्ट्रॉनांचा वेग प्रकाशवेगाच्या निम्म्याहून अधिक असतो आणि सापेक्षतेचा परिणाम दिसू लागतो. एस कक्षके आकसतात, ६एसची ऊर्जा खाली येते आणि ५डीची थोडी वर जाते. दोहोंतील अंतर घटल्याने सोने निळा प्रकाश शोषते. उरलेला परावर्तित प्रकाश पिवळा दिसतो.

## आवर्तसारणीशी संबंध

आवर्तसारणीतील आवर्तांत अनुक्रमे २, ८, ८, १८, १८, ३२ आणि ३२ मूलद्रव्ये असतात. या संख्या कवचांच्या धारणक्षमतेहून भिन्न आहेत, कारण त्या उपपातळ्या भरण्याच्या क्रमावरून येतात. प्रत्येक आवर्ताचा आरंभ नव्या एस उपपातळीने होतो. तिसऱ्या आवर्तात केवळ ३एस व ३पी भरतात, म्हणून तेथे ८ मूलद्रव्ये आहेत. चौथ्यात ४एस, ३डी व ४पी भरतात, म्हणून १८.

सारणीचे चार खंडही उपपातळ्यांवरूनच पडले आहेत. डावीकडील एस खंड २ स्तंभांचा, उजवीकडील पी खंड ६ स्तंभांचा, मधला डी खंड १० स्तंभांचा आणि सहसा खाली वेगळा मांडलेला एफ खंड १४ स्तंभांचा असतो. लोखंड व तांबे डी खंडात, तर सिरिअम व युरेनिअम एफ खंडात मोडतात. हेलिअमची बाह्य उपपातळी १एस असली, तरी ती पूर्ण भरलेली असल्याने त्याला निष्क्रिय वायूंसोबत उजवीकडे स्थान दिले जाते.

## मर्यादा आणि सामान्य गैरसमज

* कक्षके श्रोडिंगर समीकरणातून अचूकपणे मिळतात ती केवळ एका इलेक्ट्रॉनच्या अणूसाठी. इतर अणूंत इलेक्ट्रॉनांचे परस्पर प्रतिकर्षण विचारात घ्यावे लागते. प्रत्येक इलेक्ट्रॉन इतरांच्या सरासरी क्षेत्रात आहे असे मानून कक्षके काढण्याची पद्धत डग्लस हार्ट्री यांनी १९२८ मध्ये मांडली आणि व्लादिमिर फोक यांनी १९३० मध्ये सुधारली.
* इलेक्ट्रॉन कक्षकाच्या रेखाटलेल्या आकारावरून फिरत नाही. पी कक्षकाचे चित्र म्हणजे इंग्रजी आठच्या आकड्याचा मार्ग नव्हे.
* कक्षक ही आधीपासून ठेवलेली रिकामी खोली नव्हे. रिकामे कक्षक म्हणजे इलेक्ट्रॉनसाठी शक्य असलेली, परंतु त्या क्षणी व्यापलेली नसलेली स्थिती.
* अनेक वर्तुळांवर ठिपके काढून दाखविलेली अणूची आकृती इलेक्ट्रॉनांची संख्या मोजण्यास सोयीची आहे. इलेक्ट्रॉन कोठे असतात, हे तिच्यावरून कळत नाही.